दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं

पुण्याच्या पूर्व भागातल्या एका मोठ्या सोसायटीत राहणाऱ्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका वाचक ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

ताईंच्या फ्लॅटला लागून गच्ची आहे आणि तिथे त्यांनी वेलभाज्यांचा मांडव केला आहे. वेल जोमदार, फुलंही भरपूर. पण सलग दुसऱ्या वर्षी दुधी आणि दोडक्याची बोटभर फळं पिवळी पडून गळताहेत. गेल्या फेब्रुवारीत शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्यामोहोळ लागलं. एका शाळकरी मुलाला दोन माश्या चावल्या, तसं कमिटीने रात्री माणसं बोलावून औषध फवारून घेतलं. सकाळी पार्किंगभर माश्यांचा सडा पडला होता आणि झाडूवाल्या मावशी तो सुपलीने भरत होत्या. हा निर्णय झाला त्या मीटिंगला ताई हजर होत्या, पण बोलल्या नाहीत. ते त्यांच्या मनाला लागून राहिलं आहे. आता गच्चीवर मेलिफेरा या पाळीव मधमाश्यांच्या दोन पेट्या आणाव्यात आणि सोसायटीच्या बागेतली सगळी परदेशी शोभेची झाडं काढून देशी झाडं लावण्याचा ठराव मांडावा, असं त्यांनी ठरवत आणलं आहे. सेक्रेटरी म्हणतात, 'उद्या कुणाला माशी चावली तर जबाबदारी तुमची.' यजमान म्हणतात, 'आपल्या कुंड्या बघ, लोकांच्या नादी लागू नकोस.' ताई विचारतात : 'मधमाश्या संपल्या तर चार वर्षांत माणूस संपेल, असं आइन्स्टाइनने म्हटलंय ना? मग भांडायला नको का? की वय झालं म्हणून गप्प बसू?'

शिवाय जाता जाता एक वाक्य आहे : 'बाग मी अगदी स्वच्छ ठेवते. अळूवर, कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या की लगेच फवारते.'

---

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा माझंही लक्ष पार्किंगमधल्या त्या सड्याकडेच गेलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र त्या शेवटच्या वाक्यापाशी अडखळले. त्याच्याकडे येतेच. आधी दुधी.

दुधीचं फूल उमलताना तुम्ही कधी पाहिलंय का? आपण बागेत जातो सकाळी, चहा झाला की. तोवर दुधीचं फूल मान टाकून बसलेलं असतं. ते उमलतं दिवस कलल्यावर. पांढरंशुभ्र असतं, म्हणजे अंधारात दिसावं असं. दोडक्याचं फूल पिवळं, पण तेही संध्याकाळचंच. पडवळाचं जाळीदार फूल तर रात्रीचंच. या फुलांकडे येणारं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे लांब सोंडेचे मोठे पतंग. ते फुलावर बसत नाहीत. समोर हवेत तरंगत राहतात, सोंड आत घालतात आणि पुढच्या फुलाकडे निघून जातात. हे सगळं चालू असतं तेव्हा तुम्ही आणू म्हणताय त्या मेलिफेरा माश्या पेटीत परतलेल्या असणार. पेट्यांचा खर्च कराल, सेक्रेटरींशी वैर घ्याल आणि दुधी गळतच राहील.

म्हणून पेट्यांचा विचार सध्या बाजूला ठेवा. पेटी वाईट असते असं नाही. कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट असलेले, डाळिंबवाले, सूर्यफूलवाले शेतकरी हंगामात पेट्या मागवतात, आणि त्यांचा हिशेब बरोबर असतो. पण मेलिफेरा ही युरोपातली माशी. १९६०च्या दशकात उत्तरेकडे पंजाब-हिमाचलच्या बाजूने ती आपल्याकडे रुजवली गेली. तिला वर्षभर माणसाची देखरेख लागते. फुलोरा नसेल तेव्हा साखरपाणी द्यावं लागतं, किडीपासून जपावं लागतं. आधीच फुलं कमी असलेल्या वस्तीत हजारो तोंडं नव्याने आणून बसवली, तर तिथल्या मूळच्या माश्यांच्या ताटातलंच जाणार. मधमाशीपालन शिकायची खरंच हौस असेल, तर पुण्यातच १९६२पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तिथे रीतसर शिका, आपल्याकडच्या देशी सातेरी मधमाशीबद्दल विचारा. पण ती हौस म्हणून. दुधीसाठी नको.

आता आइन्स्टाइन. ते वाक्य त्यांनी कधी लिहिलं किंवा उच्चारलं, याचा काहीही पुरावा नाही. मीटिंगमध्ये ते म्हणू नका. कुणीतरी मोबाइल काढेल, शोधेल आणि तुमचं बाकीचं खरं म्हणणंही त्याच्यासोबत वाहून जाईल. तसं ते वाक्य अर्थानेही खरं नाही. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ ही सगळी गवतं आहेत. त्यांना माशी लागत नाही, वाऱ्यावर किंवा आपल्या आपणच त्यांचं भागतं. माश्या नसल्या तरी भाकरी मिळेल. पण भाकरीसोबत काय खाणार? भोपळा, काकडी, कलिंगड, कारलं, दुधी, सूर्यफुलाचं तेल या सगळ्यांना कुणाचे तरी पाय आणि पंख लागतात. जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांचा एक अभ्यास २००७ साली झाला. त्यातल्या ८७ पिकांना कमी-अधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणारं परागीभवन लागतं, पण जगाच्या अन्न-उत्पादनाच्या वजनात या पिकांचा वाटा साधारण ३५ टक्के. बाकी बहुतेक पोटभरीची धान्यं. म्हणजे माणूस चार वर्षांत संपणार नाही. त्याचं ताट मात्र ओकंबोकं होईल, आणि ते होताना आधी गरिबाच्या ताटातली भाजी-फळं महाग होतील. मीटिंगमध्ये एवढं सांगितलंत तरी पुरे.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : परागीभवन म्हणजे मधमाशी, आणि मधमाशी म्हणजे पोळं. जगात मधमाशीच्या गणगोतातल्या माश्यांच्या २०,०००हून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकेकट्या राहतात. त्यांना पोळं नाही, राणी नाही, राखायला मध नाही, त्यामुळे अंगावर धावून येण्याचं कारणही नाही. तुम्ही त्यांना पाहिलं असणार, फक्त ओळख झालेली नाही. गुलाबाच्या पानाच्या कडेला कंपासने काढावेत तसे अर्धगोल कापलेले दिसतात ना? कीड लागली म्हणून आपण फवारा आणतो. ते एका माशीचं काम असतं. ती पानाचे तुकडे नेऊन कुठल्यातरी भोकात पिलांसाठी गुंडाळी करते. गुलाबाचं त्यात काही बिघडत नाही. खिडकीच्या लाकडाला भोक पाडून राहणारा काळाकभिन्न भुंगा आणि पोटावर निळसर पट्टे असलेली छोटी चपळ माशी, ही दोघं वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलाला धरून जोरात गुणगुणतात. त्या थरथरीने बंद परागकोशातून पराग मिठासारखा झडतो. पेटीतल्या माशीला ही विद्या येत नाही. सीताफळाला बारीक भुंगेरे लागतात. आंब्याच्या मोहोरावर आपण ज्यांना हाकलतो त्या साध्या माश्यांचा राबता मोठा असतो. पळस, पांगारा, काटेसावर यांच्यावर शिंजीर आणि बुलबुल येतात. भीमाशंकरच्या जंगलात एक भुंगा अमावास्येच्या काळोखातही उडतो आणि वारस नावाच्या झाडाची फुलं फळवतो, हे अभ्यासकांनी तिथेच रात्री जागून पाहिलं आहे. बरेच दिवस न दिसलेल्या माणसाला आपण 'उंबराचं फूल झालात' म्हणतो. त्या न दिसणाऱ्या फुलांपर्यंतही तिळाएवढी एक गांधीलमाशी पोचते, फळाच्या तोंडातून आत शिरते आणि बहुधा तिथेच मरते.

इतकं सगळं सांगण्याचं कारण असं, की 'माश्या वाचवायच्या' म्हटल्यावर डोळ्यांपुढे पेटी आली की पुढची सगळी पावलं चुकीच्या दिशेने पडतात.

आता ते वाक्य. 'अळ्या दिसल्या की लगेच फवारते.'

अळूच्या पानाखाली असते ती जाडजूड, शेपटाशी शिंग असलेली अळी पुढे काय होते, ठाऊक आहे? तेच ते लांब सोंडेचे पतंग. त्यांच्यातल्या काहींच्या अळ्या अळू आणि तेरडा खाऊन वाढतात, एका जातीची रताळ्याच्या वेलावर. तुम्ही मारलेली अळीच पतंग होऊन तुमच्या दुधीवर आली असती, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण ज्या गिऱ्हाइकाची तुम्ही वाट पाहताय, त्याच्या लेकरांना दारातून हाकलताय, एवढं खरं. कढीपत्त्यावरचंही तसंच. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, काळी-पांढरी, पुढे हिरवी होणारी अळी कढीपत्त्यावर आणि लिंबावर वाढते. तिचं पुढे मोठं देखणं फुलपाखरू होतं. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, ज्याला काही जण राणी पाकोळीही म्हणतात आणि ज्याला २०१५ साली तो मान मिळाला, तेही याच लिंबूवर्गी कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. आपण फुलपाखरासाठी फुलं लावतो आणि अळीसाठी औषध आणतो. नर्सरीवालाही दोन्ही एकाच पिशवीत घालून देतो.

त्या औषधाबद्दल एक सांगायलाच हवं. बाटलीवर इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम असं लिहिलं असेल, तर ते पानावर न थांबता झाडाच्या रसात उतरतं आणि तिथून परागात आणि मकरंदातही. मधमाश्यांना त्याचा धोका आहे म्हणून युरोपीय संघाने २०१८ साली उघड्यावरच्या पिकांसाठी ही औषधं बंद केली. आपल्याकडे ती कुंडीवाल्यांनाही सर्रास विकली जातात. तुमच्याकडे असेल तर वापर थांबवा. मावा झालाच तर पाण्याची जोरकस धार मारा, फारच झाला तर साबणाचं पाणी. नीमतेलसुद्धा उमललेल्या फुलावर नको.

मग दुधीचं काय करायचं? आधी एक खात्री करून घ्या. गळताहेत ती खरंच मादी फुलं आहेत का? वेलावर आधी येतात ती सगळी नर फुलं. लांब देठाची, उमलून गळून जाणारी. मागे इवलासा दुधी असेल तीच मादी. तुम्ही बोटभर फळं म्हणताय, म्हणजे फळं धरायच्या बेतात येऊन परागाअभावी गळत असावीत. श्रावणात सततच्या सरींनी पराग धुऊन जातो आणि पतंगही कमी उडतात, हेही कारण असू शकतं. या हंगामापुरतं तुम्हीच पतंग व्हा. दिवेलागणीनंतर ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मधोमध असलेल्या कुक्षीवर हलकेच फिरवा. माझी आजी परसातल्या भोपळ्याला हेच करायची, पण पहाटे, कारण भोपळ्याचं फूल पहाटेचं. 'चला, लगीन लावून येते' म्हणायची. आम्हा पोरांना वाटायचं, म्हातारीला चळ लागलाय. पुढे कळलं की व्हॅनिलाचा सगळा धंदाच १८४१पासून अशा हाताने लावलेल्या लग्नांवर उभा आहे.

आता सोसायटी. इथे मला तुमच्यापेक्षा थोडं वेगळं वाटतं.

सेक्रेटरींचं भय खोटं नाही. आग्या माशी बिथरली तर माणसाचा जीव जाऊ शकतो, आणि हे मान्य करूनच बोलायला सुरुवात करायला हवी. 'माश्या काही करत नाहीत हो' असं म्हणणारा माणूस, ज्याच्या मुलाला माशी चावली आहे त्याच्यासमोर लगेच हरतो. तुम्ही त्या दिवशी बोलला नाहीत याचं मनाला लावून घेऊ नका. बोलायला तेव्हा तुमच्याकडे पर्याय नव्हता. आता असेल.

पर्याय असा मांडा. आग्यामोहोळ कायमचं नसतं. आसपासचा फुलोरा संपला की माश्या पोळं सोडून उठतात आणि पुष्कळदा पुढच्या हंगामात त्याच जागी परततात. म्हणजे तुमच्या टाकीखाली ती पुन्हा लागण्याची शक्यता बरीच आहे, औषध मारलं असलं तरी. तेव्हा ती येण्याआधीच सोसायटीने ठरवून ठेवावं : पोळं उंचावर आणि वाटेपासून दूर असेल तर हात लावायचा नाही. टाकीकडे जाणारं दार कुलूपबंद, त्यावर पाटी. त्या बाजूला फटाके, धूर, दगड, ड्रोन काही नाही. टाकी धुवायची असेल तर ते काम त्या महिन्यांपुरतं पुढे-मागे करायचं. रात्री घरात ट्यूबलाइटभोवती माश्या गोळा होतात, त्या चावायला आलेल्या नसतात, उजेडाने भरकटलेल्या असतात. टाकीजवळचा हॅलोजन बंद ठेवला आणि त्या बाजूच्या खिडक्यांना पडदे लावले की हा त्रास खूप कमी होतो. आणि पोळं खरोखरच जिन्याच्या तोंडाशी किंवा पाळणाघरावर लागलं, तर माश्या न मारता पोळं हलवणारी प्रशिक्षित माणसं बोलवायची. त्यांचे फोन आधीच मिळवून ठेवा, ऐनवेळी हाताशी येतो तो फवारणीवालाच. औषध मारलेल्या पोळ्याचा मध कुणी खाऊ नये, हेही त्या ठरावात लिहा. लोक खातात.

चावलंच तर नांगी नखाने खरवडून पटकन काढायची आणि थंड पाण्याची पट्टी ठेवायची. श्वास लागला, ओठ-डोळे सुजले, अंगभर पित्त उठलं किंवा एकाच वेळी पुष्कळ माश्या चावल्या, तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना. हा कागद जिन्यात तुम्हीच लावा. माश्यांच्या बाजूने बोलणारी बाई आमच्या मुलांचीही काळजी करते, हे लोकांना दिसू द्या.

झाडांच्या ठरावाबद्दल तर मी तुम्हाला थांबवतेच. सगळी परदेशी झाडं उपटू नका. एकतर ठराव पडेल. दुसरं म्हणजे परदेशी ते सगळं टाकाऊ, हेही खरं नाही. दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मेक्सिकोकडचा. एकेरी पाकळ्यांचा असेल तर त्यावर माश्या-फुलपाखरं येतात. गेंदेदार, ठासून भरलेला संकरित झेंडू असेल तर त्यांना आत शिरायलाच जागा नसते. कोथिंबीर, बडीशेप, मोहरी फुलावर येऊ द्या, त्यांच्यावर लहान माश्यांची झुंबड उडते. उलट, फुलपाखरं येतात म्हणून घाणेरी लावू नका. ती मकरंद देते आणि जंगलाच्या जंगल गिळते. डोंगरावर फिरायला जाताना पिवळ्या कॉसमॉसचं बी उधळणारे हौशी लोक दरवर्षी दिसतात. दिसायला सोनकीसारखंच सोनेरी, पण सोनकी सह्याद्रीची आणि हे आगंतुक. हात जोडून सांगते, ते करू नका. आणि कासवरून रोप उपटून आणणं हे तर त्याहून वाईट.

तेव्हा कमिटीकडे फक्त एक कोपरा मागा. दहा फूट बाय दहा फूट. जिथे काही धड येत नाही असा. 'वर्षभर बघा, आवडलं नाही तर पुन्हा लॉन टाका' म्हणा. एवढ्याला कुणी सहसा नाही म्हणत नाही.

त्या कोपऱ्यात काय? पुण्याच्या हवेत आणि फार पाणी न देता : निर्गुडी, अडुळसा, कोरांटी, धायटी, एखादी मुरुडशेंग, कडेला तेरडा, आणि जागा असेल तर रुई. रुई लावायला लोक बिचकतात कारण चीक डोळ्यांत गेला तर वाईट, म्हणून ती वाटेपासून आत. पण काळ्या-नारिंगी रंगाचं एक संथ फुलपाखरू मुख्यतः तिच्यावरच वाढतं. अडुळशावर भुंगे येतात, धायटीवर शिंजीर, कोरांटीच्या पानांवर छोट्या चपळ फुलपाखरांच्या अळ्या. नवीन मोठं झाड लावायची पाळी कधी आली तर बहावा, करंज, जांभूळ, शेवगा ही नावं पुढे करा. गुलमोहर आणि पिचकारी आधीच गावभर आहेत. पिचकारीच्या फुलात मेलेल्या माश्या सापडतात, हे एकदा फूल उघडून पाहा.

निवड करताना एकच गोष्ट बघा : वर्षाचा कुठला महिना उपाशी जातोय. उन्हाळ्यात करंज-जांभूळ-बहावा आहेत. महाबळेश्वरकडचे मधपाळ जांभळाच्या आणि हिरड्याच्या मधाची वाट पाहतात ते उगाच नाही, आणि सात वर्षांनी कारवी फुलली की त्यांची दिवाळी. मध्ये येतो पावसाळा. आपल्याला तो हिरवागार वाटतो, पण मधमाश्यांसाठी तो टंचाईचा. झाडं फुलत नाहीत, फुललं तर भिजतं, आणि उडायला उघडीप नाही. या दिवसांत कुंडीतली तुळस आणि सब्जा मोठं काम करतात. तुळशीच्या मंजिऱ्या आपण लगोलग खुडतो. झाड टिकावं म्हणून ते ठीक, पण एक तुळस न खुडता सोडून द्या. उघडीप पडली की दुपारी तिच्याजवळ पाच मिनिटं उभ्या राहा.

नर्सरीत एक अडचण येईल. 'देशी रोपं आहेत का' विचारलंत की तो देशी गुलाब दाखवेल. तिथे देशी म्हणजे गावठी वाण, एवढाच अर्थ. म्हणून झाडाचं नाव घेऊनच मागा. निर्गुडी किंवा अडुळसा खासगी नर्सरीत मिळाला नाही तर वनविभागाच्या, सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत चौकशी करा. तिथे ही रोपं मिळण्याचा संभव जास्त आणि किंमतही किरकोळ. निर्गुडी तर फांदी खोचूनही येते. श्रावण चालू आहे, कुणाच्या बांधावरून विचारून दोन फांद्या आणा.

आणखी एक गोष्ट, जिला काहीच खर्च नाही आणि म्हणूनच जी कुणाला सुचत नाही. एकेकट्या राहणाऱ्या पुष्कळ माश्या जमिनीत घर करतात. तुमच्या सोसायटीत जमीन शिल्लक आहे का? मला वाटतं पेव्हर ब्लॉक असतील, आणि झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट. त्या कोपऱ्यातली हातभर माती उघडी, न खणलेली, न सारवलेली राहू द्या. वाळलेला पाचोळा एका बाजूला पडू द्या. भिंतीवर कुंभारीण माशीने मातीचं मडकं केलं असेल तर झाडूने पाडू नका. तुम्ही बाग 'अगदी स्वच्छ' ठेवता म्हणालात, तिथेच माझी थोडी तक्रार आहे. झाडलेल्या, फवारलेल्या, फरशी बसवलेल्या बागेत फुलं असतात आणि राहायला कुणाला जागा नसते. गच्चीवर पोकळ बांबूचे वीतभर तुकडे जुडी बांधून भिंतीला, पाऊस लागणार नाही असे आडवे टांगा. मागचं तोंड बंद हवं. उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेवा आणि ते रोज बदला, नाहीतर डास आधी येतील.

हे उत्तर वाचणाऱ्यांत शेतकरीही आहेत, त्यांनाही यातलं बरंच लागू आहे. तुमच्याकडे गच्चीऐवजी बांध आहे, एवढाच फरक. बांध तणनाशकाने जाळून चकचकीत केला की घागरी, टाकळा, रानतुळस गेली, आणि तिथली माशी गेली. पुढच्या वर्षी पेट्या भाड्याने आणाव्या लागतात.

यजमानांचं 'आपल्या कुंड्या बघ' हे मला वाटतं निम्मं ऐकावं. या वर्षी कुंड्याच बघा. फवारा थांबवा, एक तुळस सोडा, दुधीची लग्नं लावा. दिवाळीच्या सुमारास तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असेल : चार दुधी, कढीपत्त्यावरचा एक हिरवा कोष. तो कोष ज्या मुलाला माशी चावली होती त्याला दाखवा. कोष फुटायचा असेल त्या सकाळी त्याच्या आईलाही वर बोलवा, चहाला. कोपऱ्याचा अर्ज त्यानंतर द्या. आग्या माश्या परतायच्या आत ठराव व्हायला हवा, म्हणून फार लांबवू मात्र नका.

आणि वयाचं काय काढलंत? संध्याकाळी सात वाजता गच्चीत अर्धा तास नुसतं बसून राहायला वेळ असणारं माणूस त्या इमारतीत बहुधा तुम्हीच आहात. आज बसून बघा. गच्चीतला दिवा घालवा, टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा आणि दुधीच्या फुलासमोर खुर्ची टाका. कोण येतं, किती वाजता येतं, कुठल्या फुलावरून कुठल्या फुलावर जातं, ते वहीत लिहा आणि मला कळवा. कुणीच आलं नाही तर तेही कळवा.

तोवर अळूच्या पानाखाली शिंगवाली अळी दिसली, तर वडीसाठी शेजारचं पान खुडा.